साखळीला बांधलेला पेला

तिसऱ्यांदा डबा गेला, तेव्हा भाचा दोन दिवस त्या विषयावर बोललाच नाही. तिसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर त्याने नवा डबा आणून टेबलावर ठेवला. चारही बाजूंनी कड्या लागणारा, आपण प्रवासात चटणी-लोणचं न्यायला घेतो तसला. बाहेरून त्याला तपकिरी-हिरवा रंग फासलेला. आत प्लास्टिकच्या पिशवीत एक चिमुकली वही, पेन्सिलीचा तुकडा, दोन गोट्या, रबरी डायनासोर, आणि या खेपेला मी पुण्याहून नेलेली बोटभर उंचीची पितळी घंटी. त्याच्या लेकीने ती स्वतः निवडून त्यात टाकली होती. मग त्याने लॅपटॉप उघडला. डब्याची माहिती भरायच्या पानावर खाली एक छोटा चौकोन होता. त्यात खूण केली की हा डबा फक्त पैसे भरणाऱ्या सभासदांना दिसणार, बाकीच्यांना त्याची नेमकी जागा कळणार नाही.

‘‘मावशी, तू काय केलं असतंस?’’ त्याने विचारलं.

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळ त्याच्या घरी मी तीन महिने राहिले. त्यातले कितीतरी शनिवार-रविवार आम्ही तिघं, तो, त्याची आठ वर्षांची लेक आणि मी, फर वृक्षांच्या रानात असे डबे शोधत हिंडलो. या खेळाचं नाव जिओकॅशिंग. ‘कॅश’ म्हटल्यावर आपल्या कानाला रोकड ऐकू येते, पण हा शब्द फ्रेंचमधून आलेला आहे आणि त्याचा अर्थ दडवून ठेवलेली वस्तू. कुणीतरी डबा दडवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण हातातल्या फोनवर किंवा जीपीएस यंत्रावर ते आकडे घेऊन तिथे पोचायचं, डबा हुडकायचा, वहीत नाव आणि तारीख लिहायची, आतलं काही घेतलं तर त्याच तोलाचं काही ठेवायचं, आणि डबा होता तसा परत दडवायचा. जगभरात आज असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. पुलांच्या कठड्यांमागे, झाडांच्या ढोल्यांत, दगडांच्या फटीत, डोंगरमाथ्यांवर. काही डब्यांत बूट मावेल, तर काही करंगळीच्या पेराएवढे, आत फक्त कागदाची गुंडाळलेली पट्टी.

त्या चौकोनाचा विचार मात्र मनातून जाईना. पैसे भरणाऱ्यांनाच दिसणारे डबे असावेत की नसावेत? वरवर पाहिलं तर छंदातलं किरकोळ भांडण. पण हा खेळ कसा जन्मला ते जसजसं वाचत गेले, तसतसा तो प्रश्न मला मोठा वाटायला लागला.

जीपीएसचे उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचं ००७ क्रमांकाचं विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं मेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर सामान्य नागरिकांनाही मोफत वापरता येईल. शब्द पाळला गेला, पण त्यात एक मेख होती. नागरिकांच्या वाट्याचा संकेत मुद्दाम बिघडवलेला असे. लष्कराला जागा अचूक कळायची, तर बाकीच्यांच्या यंत्रावरचा ठिपका शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे भरकटायचा. शंभर मीटर म्हणजे एक अख्खी आळी. एवढ्या चुकीत डबा कसला सापडतो! या बिघाडाला ‘सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी’ असं नाव होतं. साध्या मराठीत सांगायचं तर एकाच आकाशाखाली दोन पंगती होत्या आणि वाढणाऱ्याला ठाऊक होतं कुणाच्या पानात काय पडायचं ते.

१ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही दुसरी पंगत मोडली. त्याच रात्री बिघाड बंद करण्यात आला आणि जगातल्या प्रत्येक साध्या जीपीएस यंत्राची अचूकता सुमारे दहापट वाढली. कुणी अर्ज केला नव्हता, कुणी शुल्क भरलं नव्हतं. ३ मेला, म्हणजे दोनच दिवसांनी, डेव्ह अल्मर नावाच्या संगणक सल्लागाराने ओरेगनमध्येच, बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी बादली नेऊन ठेवली. आत वही, पेन्सिल, काही पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा डबा. जीपीएसच्या हौशी लोकांच्या इंटरनेटवरच्या एका मोकळ्या चर्चागटात त्याने जागेचे आकडे टाकले. नियम एवढाच की काही घ्या, काही ठेवा. पुढच्या काही दिवसांत माइक टीग या माणसाने सर्वांत आधी ती बादली शोधून काढली. मग लोक जिथे तिथे डबे ठेवू लागले आणि टीग त्या जागांची यादी स्वतःच्या पानावर लिहून ठेवू लागला. ३० मेला मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवलं.

बादलीच्या जागी आता जमिनीलगत एक स्मारकपाटी आहे. भाच्याच्या घरापासून ती गाडीने तासाभरापेक्षाही जवळ. मी तिथे गेले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. रस्त्याची कड, ओलं नेचं, उंच फर. पाहण्यासारखं म्हणाल तर काहीच नाही. तरी मला तिथून निघवेना. आधी काहींनाच मिळणारी अचूकता सगळ्यांना मिळाली आणि अठ्ठेचाळीस तासांच्या आत एका माणसाने तिचा उपयोग काय केला, तर अनोळखी माणसांसाठी भेट ठेवली. या खेळाचं मूळ असं आहे. त्याची जन्मकथा ज्याला कळली, त्याला तो छोटा चौकोन खुपल्याशिवाय राहणार नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. सिॲटलच्या जेरेमी आयरिश यांनी टीगची यादी पाहिली आणि २ सप्टेंबर २००० रोजी जिओकॅशिंगची वेबसाइट सुरू केली. तेव्हा जगात पंचाहत्तर डबे नोंदलेले होते. आयरिश यांच्यासोबत एलायस अल्वॉर्ड आणि ब्रायन रॉथ आले, कंपनी उभी राहिली. सुरुवातीचा खर्च भागवायला त्यांनी देणगीदाखल मिळालेले १४४ टी-शर्ट विकले. २००१ मध्ये सशुल्क सभासदत्व आलं. ते बरीच वर्षं वर्षाला तीस डॉलर होतं, आता चाळिसाच्या घरात आहे. म्हणजे आपले साधारण साडेतीन हजार रुपये.

या वर्गणीबद्दल मला काहीही आकस नाही. लाखो डब्यांची यादी सांभाळायची, नकाशे, ॲप, माणसांचे पगार. यंत्रं फुकट चालत नाहीत. वर्गणी भरणाऱ्याला त्या बदल्यात पुष्कळ सोयी मिळतात. हव्या तशा डब्यांच्या याद्या एकगठ्ठा उतरवून घेता येतात, मोबाइलला रेंज नसलेल्या रानात नकाशा चालतो, जवळपास नवा डबा प्रसिद्ध झाला की फोन लगेच खणखणतो. पहिलं नाव आपलं लागावं म्हणून रात्री अकरा वाजता विजेरी घेऊन धावणारे लोक आहेत, त्यांना या खणखणण्याचं मोल विचारा. सोयीचे पैसे घेणं रास्तच आहे. माझा आक्षेप एका गोष्टीपुरता आहे. डब्याची जागाच पैशाच्या पलीकडे ठेवणं.

पण आधी डबा दडवणाऱ्याची बाजू ऐकायला हवी, कारण चौकोनात खूण तो करतो. कंपनी त्याला तसं करायला भाग पाडत नाही. आणि त्याची बाजू दुखावलेल्या माणसाची आहे.

भाच्याने पहिला डबा ठेवला तेव्हा तो महिनाभर जागा शोधत होता. ओढ्याकाठची एक वाट, आडव्या पडलेल्या ओंडक्याखालची कपार. उद्यानाच्या कार्यालयाकडून परवानगी घेतली. शेजारच्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे, तो तपासला. जमिनीत पुरायचं नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही, हेही नियम. मग एका स्वयंसेवक तपासनिसाने सगळी माहिती पाहून डबा मंजूर केला. हे तपासनीस पगारी नसतात, खेळाडूच असतात. पहिल्या वर्षात वहीत साठेक नोंदी झाल्या. भाचा दर दोन-तीन महिन्यांनी जाऊन ओली वही बदलायचा आणि भरलेल्या वह्या घरी कपाटात जपून ठेवायचा. मी त्या चाळल्या आहेत. आजोबा-नातवाच्या जोड्या, जर्मनीहून आलेलं कुटुंब, कुणाचा वाढदिवस, कुणी कुत्रा गेल्यानंतर प्रथमच त्या वाटेने चाललेलं.

मग एक दिवस डबा नुसताच गायब. दुसरा चेचलेला सापडला, वहीची पानं ओढ्यात. तिसऱ्याचा मागमूसही नाही.

हे सगळीकडे होतं. या खेळातले लोक खेळाबाहेरच्यांना हॅरी पॉटरच्या गोष्टीतला शब्द घेऊन ‘मगल’ म्हणतात, आणि डबा त्यांच्या हाती लागून गेला की ‘मगल झाला’ म्हणतात. त्यातलं बरंचसं अजाणतेपणाने होतं. कुणा मुलाला डबा सापडतो, सफाई कामगाराला कचरा वाटतो. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर माणूस खाली वाकून काही ठेवताना दिसला, लोक घाबरले, आणि बॉम्बशोधक पथकाने तो निरुपद्रवी डबा स्फोटाने उडवला. पण चोरीसाठी चोरी करणारेही आहेत. वॉशिंग्टन राज्यात, डोंगरातल्या एका जुन्या रेल्वे बोगद्याच्या पलीकडे २००१ सालचा एक नावाजलेला डबा होता. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी ठेवलेल्या डब्यांपैकी तो एक. पुढे त्यातले जगात मोजून दोन उरले, एक हा आणि दुसरा ब्राझीलमध्ये. लोक विमानाचं तिकीट काढून त्यासाठी यायचे. २०११ मध्ये तो चोरीला गेला. काही वर्षांनी मूळ डबा परत सापडला आणि खेळाडूंनी तो पुन्हा जागेवर नेला, तरी मधली वर्षं वाया गेली ती गेलीच.

स्मार्टफोन आल्यावर चित्र आणखी बदललं. पूर्वी या खेळात शिरायला दोनशे-तीनशे डॉलरचं यंत्र विकत घ्यावं लागे, ते वापरायला शिकावं लागे. ते कुंपण आपसूक पडलं. आता कुणीही दुपारच्या कंटाळ्यात ॲप उतरवून खोटं नाव घेऊ शकतो, दोन डबे उचकटून ॲप पुसूनही टाकू शकतो. जाणत्या खेळाडूंच्या मनात नवख्यांविषयी संशय शिरला तो इथून. त्यांचं म्हणणं असं, की ज्याने चाळीस डॉलर भरले त्याला या खेळाची काही किंमत आहे. शिवाय अशा बंद डब्याचं पान कुणी, कधी, किती वेळा उघडून पाहिलं याची यादी डबा ठेवणाऱ्याला पाहता येते. चोरी झाली तर निदान कुठे बघायचं ते कळतं. काही जण फक्त पहिले काही आठवडे डबा बंद ठेवतात आणि मग सगळ्यांना खुला करतात. कुणी मेहनतीने सुतारकाम करून कुलपांची, गियरची, पाण्याने वर येणारी पेटी बनवली असेल, तर ती हव्या त्याच्या हाती पडू नये असं त्याला वाटणार. महिनाभर खपून केलेली वस्तू तासाभरात मोडलेली पाहणं काय असतं, ते मी भाच्याच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. अशा माणसाला मोकळेपणाचं तत्त्वज्ञान ऐकवायला मला लाज वाटेल.

तरीही मला त्याचा उपाय पटत नाही.

मी ज्या गावात वाढले तिथे एसटी स्टँडबाहेर पाणपोई होती. उन्हाळ्यात रांजण भरलेले, वर ओलं फडकं, आणि ॲल्युमिनियमचा पेला साखळीने खुंटीला बांधलेला. पेले चोरीला जायचे म्हणून साखळी. लहानपणी मला त्या साखळीचा राग यायचा, पाणी पिताना ती हनुवटीला लागायची. आता कळतं की ती बांधणाऱ्याने नीट विचार केला होता. पेला जातो, तर पेला बांधा. त्याने पाण्याला पैसे लावले नाहीत. पैसे लावले असते तर पेले वाचले असते, यात शंका नाही. स्टँडवर पाणी पिणारेच कमी झाले असते.

आपल्या वाचनालयांतही हीच अक्कल होती. वर्गणीदाराला पुस्तक घरी नेता यायचं आणि बिनवर्गणीच्या माणसाला मुक्तद्वार विभागात बाकावर बसून वर्तमानपत्रं, मासिकं वाचता यायची. वर्गणी घरी नेण्याच्या सोयीची. दुर्मीळ ग्रंथांचं कपाट मात्र वर्गणीदारालाही बंद असे. ते उघडायचं तर ग्रंथपालाकडे जाऊन काय हवं, कशासाठी हवं ते सांगायचं, आणि त्यांनी तुम्हाला तीन-चार वर्षं येता-जाता पाहिलेलं असलं की किल्ली निघायची. मौल्यवान वस्तूची राखण ओळखीने व्हायची. पैशाने नाही. पैसेवाला पान फाडणार नाही असं कोणत्याही ग्रंथपालाने कधी मानलेलं नाही.

इथेच त्या चौकोनाचा हिशेब चुकतो. चाळीस डॉलर ही भरवशाची चाळणी नाही. तिच्यातून खाली कोण पडतं ते पाहा. खोडकर पोरगा पडतो, हे खरं. पण त्याच्याबरोबर ज्याच्या घरी अशा छंदाला पैसे काढणं जमत नाही तो मुलगाही पडतो. सुटीत आठ दिवसांसाठी आलेली आजी, चार शनिवार खेळून बघू म्हणणारं कुटुंब, दूरच्या देशातला विद्यार्थी, हेही पडतात. आणि द्वेषाने चोरी करणारा, ज्याला डबा ठेवणाऱ्याशीच वैर आहे, तो चाळीस डॉलर भरून वर राहू शकतो. नावाजलेल्या डब्याची चोरी करायला त्याचं नाव आधी माहीत असावं लागतं, एवढं तरी उघड आहे. पानं उघडणाऱ्यांची यादीही एवढंच सांगते की यांनी पान पाहिलं. त्यावरून एखाद्या निरपराध खेळाडूवर संशय धरणं किती सोपं आहे, याची मला जास्त भीती वाटते.

दुसरी गोष्ट जमिनीची. बहुतेक चांगले डबे सार्वजनिक उद्यानांत, राखीव रानांत, गावांच्या पायवाटांवर असतात. ही जागा सगळ्यांची. ती दाखवणारे उपग्रह अमेरिकी करदात्यांच्या पैशावर चालतात आणि साऱ्या जगासाठी मोफत आहेत. डबा ठेवणारा स्वतःच्या खिशातून ठेवतो, तपासनीस बिनपगारी तपासतो. एवढ्या सगळ्या फुकट दिलेल्या गोष्टींची साखळी शेवटच्या कडीला येऊन वर्गणीवर अडते. डबा बंद केल्याने ठेवणाऱ्याला एक पैही मिळत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. त्याला मिळते ती मनःशांती, आणि वर्गणी भरण्याचं आणखी एक कारण कंपनीच्या पदरात आयतं पडतं. कंपनीने हे कपटाने केलं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या मेहनतीने माल तयार होतो त्याच्याच भीतीतून विक्री वाढत असेल, तर ती व्यवस्था तपासून पाहिली पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, मग सगळंच फुकट करा. तेही करून झालं आहे. गार्मिन या जीपीएस यंत्रं बनवणाऱ्या बड्या कंपनीने २०१० च्या अखेरीस डब्यांची संपूर्ण मोफत वेबसाइट काढली आणि २०१५ मध्ये बंद केली. गाजावाजा झाला, पण त्या यादीभोवती माणसांची वस्ती झाली नाही. उलट जर्मनीत २००५ पासून ‘ओपनकॅशिंग’ नावाची यादी हौशी लोक स्वतः चालवतात, सर्वांना खुली, लहान पण तग धरून. दोन्हींतून मला एवढंच दिसतं की मोफत असणं पुरेसं नाही. पाणपोईलाही रोज रांजण भरणारा लागतो, आणि तो लागतो म्हणून मी वर्गणीच्या विरोधात नाही.

या खेळाच्या थोरल्या भावंडाकडे पाहिलं तर वेगळी वाट दिसते. इंग्लंडच्या नैऋत्येला डार्टमूर नावाचा ओसाड, दलदलीचा माळ आहे. १८५४ मध्ये तिथल्या जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. एवढं चालून आलेल्याने तिच्यात आपलं नावाचं कार्ड टाकायचं. त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’ रुजलं. पेट्यांमध्ये रबरी शिक्के आले, वह्या आल्या, माळभर शेकडो पेट्या दडल्या. तिथे शंभर पेट्या शोधणाऱ्यांचा एक क्लब आहे. खुणांची पुस्तिका निघते, पण काही पेट्या कुठेच छापल्या जात नाहीत. त्या ठेवणाऱ्याला भेटावं लागतं, त्याने तोंडाने सांगावं लागतं. म्हणजे नाजूक पेटी तिथेही सगळ्यांना खुली नाही. पण तिच्यापर्यंत पोचायचं ते पायांनी आणि माणसांच्या ओळखीने. गरिबालाही शंभर पेट्या शोधता येतात.

हा निकष जिओकॅशिंगला का लावता येऊ नये? किती डबे शोधले, याचा आकडा प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे असतोच. नाजूक, खपून बनवलेली पेटी पंचवीस किंवा पन्नास डबे शोधलेल्यालाच दिसेल असा चौकोन त्या पानावर हवा. वर्गणी भरली की नाही, हे विचारण्याचं कारण नाही. खोटं नाव घेऊन आलेला पोरगा पंचवीस वेळा काट्याकुट्यांत वाकणार नाही. वाकला, तर एव्हाना तो खेळाडू झालेला असेल.

आपल्याकडे पाहिलं तर मुंबई-पुण्यात, गोव्यात डबे आहेत, पण मोजकेच. याची कारणं समजण्यासारखी आहेत. लोकलच्या फलाटांवर वर्षानुवर्षं ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ हे ऐकत आलेल्या शहरात कठड्यामागे डबा ठेवणं आणि तो चाचपडणं, दोन्ही धाडसाचं. संरक्षित किल्ल्यांवर परवानगीशिवाय काही ठेवणं योग्य नाही आणि ठेवूही नये. पण जिथे शंभर मैलांत पाच-दहाच डबे आहेत, तिथे त्यातला एक जरी वर्गणीआड गेला तरी नवख्याच्या वाट्याला काय उरतं? ओरेगनमध्ये बंद डब्याच्या शेजारी दहा उघडे असतात. इकडे शेजार मिळणंच मुश्कील. सह्याद्रीत दर रविवारी भटकणाऱ्या मुलामुलींमध्ये हा खेळ रुजायचा असेल, तर तो पहिल्या दिवशी मोफत असावा लागेल. पहिल्या दिवशी साडेतीन हजार रुपये कोण भरतं? आपण ट्रेकला गेलो तेव्हा पहिली दोरी आणि पहिली स्लीपिंग बॅग कुणाची तरी उसनीच होती.

एक सवलत कंपनीनेही ठेवली आहे. पैसे भरणाऱ्या मित्राबरोबर बिनवर्गणीचा खेळाडू गेला, तर बंद डब्याच्या वहीत तोही नाव लिहू शकतो. नियम चांगला आहे, पण ज्याला असा मित्र आहे त्याच्यासाठी.

हे सगळं मी त्या रात्री एका दमात भाच्याला सांगितलं नाही. आठवडाभर येता-जाता, भांडी लावताना, गाडीत बोलत राहिलो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं असंही नाही. त्याचं एक वाक्य माझ्याकडे उत्तराविना राहिलं आहे: तुला चौथ्यांदा जाऊन तो ओंडका रिकामा बघायचा नाहीये, मला आहे. लेकीचं वेगळंच चाललं होतं. डबा बंद केला तर तिच्या वर्गातली मैत्रीण तो शोधू शकेल का, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मैत्रिणीच्या आईच्या फोनवर मोफतवालं ॲप होतं.

शेवटी त्याने खूण केली नाही. त्याने जागा बदलली. वाटेला लागून असलेला ओंडका सोडून ओढा ओलांडून वर वीस मिनिटं चढावं लागेल अशी एक कपार निवडली. अवघडपणाचे आकडे वाढवले. डब्याला एक बारीक तार बांधून ती आतल्या मुळाला अडकवली, झाडाला इजा होणार नाही अशी. ती तार पाहून मला हनुवटीला लागणारी साखळी आठवली, पण मी त्याला तसं म्हणाले नाही. माहितीच्या पानावर त्याने चार ओळी लिहिल्या, की हा डबा ठेवायला आम्हाला किती दिवस लागले आणि त्यातली घंटी कुठून आली.

मी परत आल्यावर दिवाळीच्या महिनाभर आधी त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. सात नोंदी. पाचवी पेन्सिलीने, मोठ्या वाकड्या अक्षरात, अर्धं नाव ओलाव्याने पुसट झालेलं. त्यापुढे लिहिलं होतं की घंटी नेली आणि शिंपला ठेवला. भाच्याने खाली विचारलं होतं, घंटी परत पाठवशील का? मी तुळशीबागेतून तीन घेऊन ठेवल्या आहेत.